हाँगकाँगचं डिस्नेलँड की सिंगापूरचं युनिव्हर्सल? नाशिकहून दिवाळीत पाच जण, डिसेंबरात एकटा मेव्हणा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही चुकत असेल तर लगेच सांगता येईल. नाशिकहून पाच जण: तुम्ही दोघं, १२ वर्षांचा मुलगा, ६ वर्षांची मुलगी आणि ६६ वर्षांच्या आई. दिवाळीच्या सुट्टीत सहा रात्री हाताशी आहेत. मुलाची उंची १४६ सेंटीमीटर, मुलीची १०८. आई शुद्ध शाकाहारी आहेत आणि त्यांचे गुडघे अधूनमधून त्रास देतात. हाँगकाँगचं डिस्नेलँड आणि सिंगापूरचं युनिव्हर्सल स्टुडिओज यांतलं एक निवडायचं आहे. शिवाय २७ वर्षांचा मेव्हणा डिसेंबरात कामासाठी सिंगापूरला जाणार आहे. त्याच्याकडे एकच मोकळा दिवस आहे आणि एकट्याने युनिव्हर्सलला जाण्यात अर्थ आहे का, हेही तुम्ही विचारलंय.

उत्तर आधी देऊन टाकतो. पाच जणांसाठी हाँगकाँग. मेव्हण्याने युनिव्हर्सलला बिनधास्त जावं.

आता कारणं. बहुतेक जण दोन्हींच्या राइड्सच्या याद्या शेजारी-शेजारी मांडतात आणि कुठे जास्त आहेत ते मोजत बसतात. मुळात ही एकाच जातीची ठिकाणं नाहीत. हाँगकाँगचं डिस्नेलँड लांताऊ बेटावर २००५ साली सुरू झालं. तिथे डिस्नेची स्वतःची तीन हॉटेलं आहेत, मेट्रोचा स्वतंत्र फाटा आहे आणि दिवस रात्रीच्या शोने संपतो, त्यामुळे मुक्काम करून दोन दिवस घालवावेत असं ते ठिकाण आहे. सिंगापूरचं युनिव्हर्सल २०१० साली सेंटोसा बेटावर सुरू झालं. ते आटोपशीर आहे आणि धडधाकट माणसाचं एका दिवसात बघून होतं. उरलेले दिवस सिंगापूर शहर, प्राणिसंग्रहालय, नाइट सफारी, मत्स्यालय असं काहीतरी करायचं असतं. म्हणून घरात विचारायचा प्रश्न असा: पार्कसाठी चाललोय, की परदेशात चाललोय आणि त्यात एक दिवस पार्क? तुमच्या प्रश्नात मुलीच्या लाडक्या एल्साचा (डिस्नेच्या ‘फ्रोझन’ चित्रपटातली) उल्लेख तीनदा आहे आणि सिंगापूर शहराचा एकदाही नाही. त्यावरून तुम्ही पहिल्या गटातले दिसता.

तरी चार गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत: महिना, उंची, आईंचे गुडघे आणि पोट. एकेक घेऊ.

महिन्याचा मुद्दा लोक सहसा विचारातच घेत नाहीत. ऑक्टोबरचा शेवट आणि नोव्हेंबर हा हाँगकाँगचा वर्षातला सगळ्यात चांगला काळ. हवा कोरडी असते, तापमान साधारण विशी-पंचविशीत असतं आणि चालताना घामाच्या धारा लागत नाहीत. वादळांचा मुख्य हंगाम तोवर सरत आलेला असतो. सिंगापूरला थंडी हा प्रकारच नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दुपारनंतर विजांसह सरी येणं तिथे नेहमीचं आहे. वीज चमकू लागली की उघड्यावरच्या राइड्स बंद होतात, आणि नेमक्या त्याच राइड्ससाठी तुमचा मुलगा तिथे जाणार असतो. शिवाय सप्टेंबरअखेरीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत निवडक संध्याकाळी युनिव्हर्सलमध्ये हॅलोविनचा भुताखेतांचा वेगळ्या तिकिटाचा कार्यक्रम असतो. त्या दिवशी साधं तिकीट असणाऱ्यांसाठी पार्क लवकर बंद होतो. दिवाळी ऑक्टोबरात आली तर ही तारीख हमखास आडवी येते. तुम्ही मे महिन्यात जाणार असतात तर मी इतक्या ठामपणे हाँगकाँग म्हटलं नसतं, कारण मे-जूनमध्ये तिथे पावसाळी दमट हवा असते आणि हवेपुरतं तरी दोन्हींमध्ये डावं-उजवं करण्यासारखं काही उरत नाही.

आता उंची. इथे थोडा वेळ थांबू या, कारण सहलीतली सगळ्यात मोठी रडारड याच मुद्द्यावर होते. मुलीला आज रात्री अनवाणी भिंतीला टेकवून उभी करा, डोक्यावर वही आडवी धरा आणि पेन्सिलीने खूण करा. १०८ हा आकडा शाळेच्या प्रगतिपुस्तकातून घेतला असेल तर तो जुना असू शकतो. हाँगकाँगच्या डिस्नेमध्ये हायपरस्पेस माउंटन या अंधारातल्या रोलर कोस्टरला १०२ सेंटीमीटर लागतात, म्हणजे तिथे ती चालेल. फ्रोझनच्या भागातल्या घसरगाडीला ९५, तिथेही चालेल. खाणीतल्या गाडीच्या ग्रिझली कोस्टरला ११२ आणि टॉय स्टोरीच्या आरसी रेसरला १२०. या दोन्हींत ती बसत नाही. बाकी जवळपास सगळं तिला खुलं आहे: फ्रोझनची होडी, मिस्टिक मॅनर, इट्स अ स्मॉल वर्ल्ड, जंगलातली बोट, विनी द पू.

युनिव्हर्सलमध्ये हेच गणित उलटतं. बॅटलस्टार गॅलॅक्टिका या जोडकोस्टरला १२५ लागतात आणि ममीच्या कोस्टरला १२२. जुरासिक पार्कच्या पाण्याच्या राइडला १०७ लागतात, म्हणजे जेमतेम. ट्रान्सफॉर्मर्सला १०२. कागदावर ती ट्रान्सफॉर्मर्समध्ये बसते. पण अंधार, स्फोटांचे आवाज आणि अंगावर येणारे यंत्रमानव यांपुढे सहा वर्षांचं मूल रडतं की खिदळतं, हे सेंटीमीटरवरून कळत नाही. तिच्यासाठी खरं उरतं ते सेसमी स्ट्रीट, श्रेकच्या भागातल्या छोट्या राइड्स आणि २०२५ च्या फेब्रुवारीत सुरू झालेलं मिनियन लँड. अर्धा दिवस छान जाईल. उरलेला अर्धा दिवस ती तुमच्यापैकी एकाचा हात धरून दादा कधी बाहेर येतो याची वाट बघेल.

मुलाच्या बाजूने बघितलं तर युनिव्हर्सल सरस आहे, हे कबूल. १४६ सेंटीमीटरला तिथे त्याला काहीच बंद नाही, आणि डिस्नेतले कोस्टर त्याला दुसऱ्या फेरीत ‘बरे आहेत’ वाटतील. यावर उपाय हाँगकाँगमध्येच आहे. त्याला एक दिवस ओशन पार्कला न्या. हे १९७७ पासूनचं जुनं पार्क डोंगरावर आणि समुद्रकाठी असं दोन भागांत आहे आणि दोन्ही भाग केबल कारने जोडलेले आहेत. तिथला हेअर रेझर हा पायाखाली फळी नसलेला कोस्टर आहे. खोपोलीच्या इमॅजिकातला नायट्रो ज्या स्विस कंपनीने बनवला, त्याच कंपनीचा आणि त्याच जातीचा. दोन्हींना १४० सेंटीमीटर लागतात. म्हणजे मुलाची भूक तिथे भागते, त्याच तिकिटात मुलगी आणि आई पांडा बघतात, आणि घराचे दोन तट पडत नाहीत.

मुलगा युनिव्हर्सलला वयाच्या विसाव्या वर्षी मित्रांबरोबर जाईल तेव्हाही त्याला तितकीच मजा येईल. मुलीला एल्सा खरी वाटण्याची आणखी दोनच वर्षं आहेत. मला विचाराल तर निर्णय इथेच होतो.

आईंच्या गुडघ्यांचं काय? दोन्हीकडे दिवसाला बारा ते पंधरा हजार पावलं सहज होतात. पांडवलेणीच्या पायऱ्या त्या मध्ये न बसता चढत असतील तर काळजी नको. दोनदा टेकावं लागत असेल तर पार्कच्या दारातच चाकाची खुर्ची भाड्याने घ्या. आपल्याकडच्या बायका खुर्चीला आधी नको म्हणतात आणि दुपारी तीनला बाकावर बसून ‘तुम्ही जाऊन या, मी बसते इथे’ म्हणतात. म्हणून खुर्ची सकाळीच घ्या. लागली नाही तर पिशव्या ठेवायला उपयोगी पडते. डिस्नेमध्ये त्यांना बसून बघण्यासारखं बरंच आहे: पार्कभोवती फिरणारी आगगाडी, लायन किंगचा रंगमंचावरचा कार्यक्रम, मिकीचा थ्रीडी शो. मिस्टिक मॅनरमध्ये झटके नाहीत, चढउतार नाहीत, फक्त गाडी वळत राहते, म्हणून ती आईंनाही चालते. युनिव्हर्सलमध्ये अशी बसून बघण्याची ठिकाणं कमी आहेत आणि उकाडा जास्त. हाँगकाँगमध्ये एक मात्र सांभाळा. लांताऊवरच्या तिआन तान बुद्धापर्यंत २६८ पायऱ्या आहेत. केबल कारने वर जा, मूर्ती खालच्या चौकातूनही छान दिसते, पायऱ्यांचा हट्ट नको.

पोटाच्या बाबतीत सिंगापूर स्पष्टपणे पुढे आहे, यात लपवण्यासारखं काही नाही. तिथल्या लिटल इंडिया या भारतीय वस्तीत सेरंगून रोडला उतरलं की दोन्ही बाजूंना इडली-डोसा आणि थाळी. कोमला विलास हे शाकाहारी हॉटेल तर १९४७ पासून तिथे आहे. हाँगकाँग शहरात त्सिम शा त्सुई भागात भारतीय हॉटेलं आहेत, पण ती शोधून, वेळ बघून गाठावी लागतात. रस्त्यावरच्या साध्या दुकानात ‘व्हेज’ म्हटल्यावर भाज्यांवर ऑयस्टर सॉस किंवा खाली मांसाचा रस्सा येऊ शकतो, कारण त्यांच्या लेखी तुकडे नाहीत म्हणजे ते शाकाहारी. फोनमध्ये चिनी लिपीत ‘मांस, मासे, अंडं, सीफूड, मांसाचा रस्सा, ऑयस्टर सॉस चालत नाही’ असं एक वाक्य साठवून ठेवा आणि ऑर्डर देण्याआधी दाखवा. डिस्नेच्या आत मिस्टिक पॉइंटमधलं एक्स्प्लोरर्स क्लब हे भारतीय चवीचं जेवण मिळण्याचं ठिकाण आहे. तिथे साडेअकरा-पावणेबाराला जेवून घ्या, एक वाजता टेबल मिळत नाही.

घरून नेण्याबद्दल: दशम्या दोन दिवस टिकतात, ठेपले तीन-चार. चिवडा, लाडू, शेंगदाण्याची चटणी, झटपट पोहे-उपम्याची पाकिटं सामानात चेक-इन करा. चटणी कोरडीच न्या. ओलं लोणचं केबिन बॅगेत काढून ठेवायला लावतात. हॉटेलच्या खोलीत पाणी तापवायची किटली असते, सकाळचा नाश्ता त्यावर निघतो. पार्कमध्ये मुलांच्या खिशात कोरडा खाऊ आणि पाण्याची बाटली ठीक आहे, मात्र डबे उघडून पंगत मांडता येणार नाही. आई कांदा-लसूणही खात नसतील तर हाँगकाँगचे सहा दिवस जड जातील. तसं असेल तर मला माझं उत्तर पुन्हा तपासावं लागेल.

कागदपत्रांबद्दल. भारतीय पासपोर्टवर हाँगकाँगला पर्यटनासाठी वेगळा व्हिसा लागत नाही, पण आगाऊ ऑनलाइन नोंदणी सक्तीची आहे. ती हाँगकाँग सरकारच्या इमिग्रेशन विभागाच्या वेबसाइटवर फुकट होते, प्रत्येकाची वेगळी, सहा वर्षांच्या मुलीचीसुद्धा. बहुतेकदा निकाल तिथल्या तिथे येतो. मंजूर झाली की सहा महिने चालते आणि दर खेपेला १४ दिवसांपर्यंत राहता येतं. निघालेली पावती साध्या पांढऱ्या ए-फोर कागदावर छापून जवळ ठेवायची.

गडबड होते ती क्रमात. लोक आधी विमानाची तिकिटं काढतात, मग नोंदणी करतात, आणि पाचांपैकी एकाची नामंजूर होते. मग त्या एकाला रीतसर व्हिसा मागावा लागतो आणि त्याला कित्येक आठवडे जातात. म्हणून पाचही पावत्या हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका. नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षरन्‌अक्षर. जुन्या पिढीतल्या बायकांच्या पासपोर्टवर कधी आडनावाचा रकाना रिकामा असतो आणि सगळं नाव एकाच ओळीत असतं, किंवा माहेर-सासरची नावं मिसळलेली असतात. आईंचा पासपोर्ट आत्ताच उघडून बघा. विमानाच्या तिकिटावर, नोंदणीत आणि पासपोर्टवर नाव एकसारखंच हवं. मुलांचे पासपोर्ट पाचच वर्षांचे असतात आणि प्रवासाच्या वेळी किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते. मुलीचा ती वर्षाची असताना काढला असेल तर तो आता संपायला आला असणार.

सिंगापूरला मात्र व्हिसा लागतो. तो अधिकृत एजंटमार्फत ऑनलाइन मिळतो, त्यांची फी ३० सिंगापूर डॉलर आणि वर एजंटचा आकार. शिवाय पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत अरायव्हल कार्ड भरायचं असतं. ते फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणारी वेबसाइट दिसली की ती बंद करा. मेव्हण्याचा व्हिसा ऑफिस काढून देईल, पण हे कार्ड त्यालाच भरावं लागेल.

खर्चाचे आकडे मी मुद्दाम देत नाही. दोन्ही पार्कांची तिकिटं तारखेनुसार बदलतात आणि विमानभाडं तर दिवाळीत रोज. पण खर्च कुठे फुटतो ते सांगतो. पाच जण एका खोलीत मावत नाहीत, दोन्ही शहरांत. दोन खोल्या धरा, आणि बुक करताना शेजारच्या किंवा आतून दार असलेल्या मागा. तिकिटात वयाचे टप्पे वेगळे आहेत. डिस्नेत ३ ते ११ वर्षांचं मूल धरतात, त्यामुळे तुमच्या मुलाचं तिकीट मोठ्या माणसाचं. युनिव्हर्सलमध्ये ४ ते १२, तिथे तो अजून लहान. उलट डिस्नेत ज्येष्ठांचं तिकीट बरंच स्वस्त आहे, आईंचं वेगळं बघून काढा. एकगठ्ठा पाच ‘अडल्ट-चाइल्ड’ निवडले की ही सवलत हातची जाते. डिस्नेचं दोन दिवसांचं तिकीट एका दिवसाच्या दुप्पट नसतं, आणि तुमच्यासारख्यांनी तेच घ्यावं. एका दिवसात सगळं उरकायचं ठरवलं तर सहा वर्षांचं मूल सायंकाळी सहाला पेंगतं आणि रात्रीचा शो, ज्यासाठी एवढा खटाटोप केला, तो तुमच्या खांद्यावर झोपून जातो.

रांग टाळण्याच्या पासाबद्दल बरेच जण गोंधळतात. डिस्नेत हा पास निवडक राइड्ससाठी, एकेकट्या किंवा जोडून, घेता येतो. युनिव्हर्सलचा एक्स्प्रेस पास दिवसभराचा असतो: साध्यात प्रत्येक राइड एकदा, महागड्यात हवी तितक्यांदा. दोन दिवसांचं तिकीट आणि सोमवार ते गुरुवारची तारीख असेल तर डिस्नेत पास लागत नाही, फक्त सकाळचा पहिला तास वाया घालवायचा नाही. दार उघडलं की किल्ल्यासमोर फोटो काढत थांबू नका, किल्ला संध्याकाळीही तिथेच असतो. सरळ फ्रोझनच्या भागात जाऊन होडी आणि घसरगाडी उरका. दिवसातली सगळ्यात लांब रांग तिथेच लागते. मग मुलाला घेऊन एकाने ग्रिझलीला जावं आणि दुसऱ्याने मुलीबरोबर फँटसीलँडला. दोघांनाही कोस्टरवर बसायचं असेल तर आळीपाळीने बसण्याची सोय आहे: एक पालक मुलीला घेऊन थांबतो, दुसरा बसून येतो, मग पहिल्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. त्यासाठी रांगेत घुसण्याआधी तोंडाशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला विचारायचं, नंतर नाही.

मुक्कामाची माझी मांडणी अशी. रात्रीचं विमान पकडलं तर तुम्ही सकाळी पोहोचता. अडीच तास पुढचं घड्याळ आणि अर्धवट झोप, त्यामुळे त्या दिवशी पार्क नको. विमानतळ आणि डिस्ने दोन्ही लांताऊवरच असल्याने टॅक्सीने थोड्या वेळात हॉटेलवर पोहोचाल. सामान टाका, मुलांना तरणतलावात सोडा, संध्याकाळी लवकर झोपा. दुसरा आणि तिसरा दिवस डिस्ने, पैकी तिसऱ्या दिवशी दुपारनंतर आरामात. डिस्नेच्या हॉटेलात फक्त दोन किंवा तीन रात्री घ्या. फायदा एवढाच की दुपारी आईंना आणि मुलीला दीड तास झोपवता येतं आणि रात्री शो संपल्यावर मेट्रोच्या गर्दीत शिरावं लागत नाही. तुमच्या घरासाठी तो फायदा मोठा आहे. दोघंच तरुण गेले असते तर मी शहरात राहायला सांगितलं असतं. उरलेल्या रात्री शहरातल्या कौलून भागात: एक दिवस ओशन पार्क, एक दिवस लांताऊची केबल कार किंवा शहर, स्टार फेरी, पीक ट्राम. केबल कार लांताऊवरच आहे, त्यामुळे ती कौलूनला जायच्या आधी उरकली तर एक चक्कर वाचते. पॅकेजवाले यात मकाऊ घुसवतात. आई आणि सहा वर्षांची मुलगी बरोबर असताना एका दिवसात बोटीने मकाऊ करून येणं म्हणजे दिवसभर इमिग्रेशनच्या रांगा. सरळ नको म्हणा.

पॅकेजच घेणार असाल तर कागदावर एकच गोष्ट शोधा: डिस्नेहून परतीची बस किती वाजता? ‘डिस्नेलँड पूर्ण दिवस’ असं लिहिलेलं असतं, आणि प्रत्यक्षात गट साडेअकराला पोहोचतो, जेवणासाठी सगळ्यांना एकत्र करतात आणि सायंकाळी साडेसहाला बस निघते. रात्रीचा शो त्यानंतर असतो. ‘रात्रीचा शो संपल्यावर परत’ असं लेखी घ्या. ते देत नसतील तर त्या दिवशी मेट्रोने स्वतः परत या, सनी बे स्थानकावर गाडी बदलावी लागते.

जाण्याआधी एक काम नाशिकहूनच करता येईल. ऑगस्ट-सप्टेंबरात एखाद्या कामाच्या दिवशी इमॅजिकाची चक्कर मारा. खोपोली गाठायला साडेचार-पाच तास लागतात, म्हणून आदल्या रात्री जवळपास मुक्काम ठेवा. मजा येईलच, पण हेतू वेगळा. मुलीला अंधाऱ्या राइडमध्ये बसवून बघा, मुलाला नायट्रोवर, आणि आईंना दिवसभर चालवून. मुलगी अलिबाबाच्या गुहेत घाबरून डोळे मिटत असेल, तर हाँगकाँगमध्ये हायपरस्पेसच्या रांगेत तासभर उभं राहू नका. नायट्रोसमोर पोहोचल्यावर मुलानेच माघार घेतली, तर ओशन पार्कचा दिवस हलका ठेवता येईल. शिर्डीचं वेट अँड जॉय जवळ आहे, पण ते पाण्याचं पार्क, त्यातून ही परीक्षा होत नाही.

मुंबई विमानतळापर्यंतचा रस्ता: समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून कसारा घाटाचा ताण गेला. पण आमण्याला उतरल्यावर भिवंडी-ठाण्याची कोंडी तशीच आहे, आणि दिवाळीच्या आधीच्या शुक्रवार-शनिवारी तर विचारू नका. गुगल साडेतीन तास दाखवत असेल तर साडेपाच धरा. विमानतळावर तीन तास आधी पोहोचायचं, म्हणजे रात्री बाराच्या विमानासाठी नाशिक दुपारी साडेतीनला सोडायचं. ही वेळ ऐकून घरात सगळे हसतात, हसू द्या.

आता मेव्हण्याचं. एकट्या माणसासाठी युनिव्हर्सल हे उत्तम ठिकाण आहे, त्याचं कारण एकट्यांची वेगळी रांग. ट्रान्सफॉर्मर्स, ममी आणि बॅटलस्टार या मोठ्या राइड्सना ती असते. गाडीत कुटुंबं बसल्यावर एखादी जागा रिकामी राहते, तिथे या रांगेतल्या माणसाला बसवतात. साध्या रांगेत तासभर जिथे जातो, तिथे वीस मिनिटांत काम होऊ शकतं. त्यामुळे त्याने एक्स्प्रेस पास आधी विकत घेऊ नये. आत गेल्यावर एकट्यांची रांग बंद आहे असं दिसलं, तेव्हा बघावं. डिसेंबरात सिंगापूरच्या शाळांना सुट्टी असते आणि पाऊसही असतो, म्हणून तारीख निवडता येत असेल तर आठवड्यातला मधला दिवस.

क्रम महत्त्वाचा. दार उघडण्याच्या अर्धा तास आधी तिथे असावं आणि पहिल्यांदा बॅटलस्टार, कारण तो उघड्यावर आहे आणि वीज चमकली की पहिला तोच बंद होतो. लाल आणि निळा असे दोन वेगळे कोस्टर आहेत: एकात बसून, दुसऱ्यात पाय लोंबकळत. खिशात काहीही ठेवून आत सोडत नाहीत, नाणीसुद्धा. बाहेर लॉकर आहेत, ठरावीक वेळ फुकट, नंतर पैसे लागतात. त्याने पाकीट, किल्ल्या, फोन एका छोट्या पिशवीत ठेवून यावं, म्हणजे दर वेळी खिसे उपसत बसावं लागत नाही. बॅटलस्टार झाला की ममी. जुरासिकची पाण्याची राइड दुपारी ऊन असताना, आणि पायात चप्पल किंवा सँडल. भिजलेल्या बुटांनी उरलेला दिवस काढणं त्रासाचं आहे. ट्रान्सफॉर्मर्स छताखाली आहे, ती पाऊस येईपर्यंत राखून ठेवायची. पाऊस येतोच. दुपारचं जेवण इजिप्तच्या भागातल्या ऑएसिस स्पाइस कॅफेत, तिथे भारतीय चवीचं मिळतं.

त्याने सेंटोसावर राहू नये, तिथली हॉटेलं कुटुंबांच्या खिशाची आहेत. लिटल इंडियाजवळ राहावं. तिथून हार्बरफ्रंट स्थानकापर्यंत थेट मेट्रो आहे. हार्बरफ्रंटहून सेंटोसाच्या मोनोरेलला ४ सिंगापूर डॉलर पडतात, समुद्रावरच्या पायवाटेने चालत गेलं तर फुकट आणि पंधराएक मिनिटांत पोहोचता येतं. परतताना मोनोरेलही फुकट आहे. म्हणजे सकाळी चालत जायचं आणि संध्याकाळी पाय दुखत असताना गाडीने यायचं.

एक राहिलं. दोन्ही पार्क आपापल्या अधिकृत वेबसाइटवर कोणत्या राइड्स कोणत्या तारखांना दुरुस्तीसाठी बंद आहेत ते आधी जाहीर करतात. तुमच्या तारखांना फ्रोझनची होडी बंद दिसली तर सहल एक आठवडा पुढे-मागे करा, सुट्टी तेवढी मोठी आहे. तारखा, आईंच्या पासपोर्टवरचं नाव कसं लिहिलंय (नंबर नको, फक्त रकाने) आणि कांदा-लसणाचं उत्तर इथे कळवा, म्हणजे हॉटेलच्या रात्री कशा वाटायच्या ते नेमकं सांगता येईल.